आईची रेषा, बापाची रेषा

जयपूरच्या शास्त्रीनगरमध्ये मला शेजारी विचारतात, "मूळचे कुठले?" मी वडिलांचं गाव सांगतो. आईचं माहेर, आजीचं माहेर त्या उत्तरात येतच नाही. आपल्या शरीरात मात्र दोन्हींकडची नोंद असते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे तो फक्त मुली देतात.

आज गोष्ट कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. भाषा मराठी आणि आडनावं केहीमकर, पेणकर, रोहेकर अशी.

इस्राएलमध्ये गेल्यावर हीच मंडळी अडचणीत आली. ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून येतं. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला: बेने इस्राएल वधूवरांची आई, आजी, पणजी ज्यू होत्या का, हे शक्य तितकं मागे जाऊन तपासा. समाजाने आंदोलन केलं. अखेर 1964 मध्ये सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं.

2016 मध्ये 18 बेने इस्राएल व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असा दोन्ही वारसा भरपूर निघाला. ही सरमिसळ साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीची. तिच्यात ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त आणि भारतीय वाटा स्त्रियांकडून जास्त.

मग धर्मपीठाची शंका खरी ठरली का? नाही. जनुकं धर्म सांगत नाहीत. कोकणातली मुलगी त्या घरात आली, शब्बाथ पाळू लागली, लेकरांना तो शिकवू लागली. यातलं काहीच डीएनएत उमटत नाही. शिवाय दहा पिढ्या मागे आपल्या पूर्वजांच्या 1024 जागा असतात. पुरुषाच्या या दोन रेषा त्यांतल्या दोघांपर्यंतच पोचतात.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नावही बदलायची रीत. त्यामुळे माझ्या पणजीचं माहेरचं नाव मला सांगता येत नाही. तुमच्या घरात ते सांगणारं कुणी असेल, तर आजच विचारून लिहून ठेवा.