फुकट आणि मुक्त यात फरक आहे!

शनिवार पेठेच्या कडेला अप्पा बळवंत चौक. तिथल्या एखाद्या प्रकाशकाने उद्या मराठी विकिपीडियावरचे लेख जमवून पुस्तक छापलं आणि दोनशे रुपयांना विकलं, तर तो गुन्हा आहे का? नाही. अटी दोनच. लेखकांना श्रेय द्यायचं, आणि तोच मजकूर दुसऱ्या कुणी पुढे छापला तर अडवायचं नाही.

ही सोय आपोआप आलेली नाही, मंडळी.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, शेअर विकले, वर्गणीदार जमवले आणि १९२० च्या दशकात पुण्यातून खंडांमागून खंड काढले. एकूण २३. केतकर १९३७ साली गेले. त्यांच्या स्वतःच्या लेखनाचा प्रताधिकार मृत्यूनंतर ५० वर्षांच्या नियमाने १९८७ अखेरपर्यंत चालला. तोवर एखादा लेख सुधारून पुन्हा छापायचा, तर परवानगी कुणाची घ्यायची इथूनच सुरुवात. ज्ञान घरोघरी पोचावं हा त्यांचा हेतू होता, पण कायदा हेतू बघत नाही, कागद बघतो.

विकीवाल्यांनी तो कागद आधीच करून ठेवला. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ साली पहिली विकी सुरू केली. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया आला. माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लिहिलं, ते २००२ पासून वापरात आलं. त्यातूनच आजचं मीडियाविकी झालं. त्याचा परवाना जीपीएल: वापरा, बदला, विका, पण बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत तर तिचा कोडही त्याच अटींवर द्या.

याचा उपयोग लगेच दिसला. २००२ मध्येच विकिपीडियावर जाहिराती येणार अशी कुणकुण लागली. स्पॅनिश संपादकांपैकी बरेच जण मजकूर उचलून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा वेगळा ज्ञानकोश थाटला. मजकूर मुक्त, सॉफ्टवेअर मुक्त, अडवणार कोण? विकिपीडियावर आजही व्यापारी जाहिराती नाहीत, त्यात या बंडाचा मोठा वाटा मानला जातो. मालकाला दार उघडं आहे हे माहीत असलं की तो जरा नीट वागतो!

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नव्हतं, कुणाची मंजुरी लागली नाही.

शेजारच्या गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश अशाच मुक्त परवान्यावर खुला केला. करदात्याच्या पैशातून झालेल्या प्रत्येक मराठी कोशाला, शब्दसूचीला, पाठ्यपुस्तकाला हाच नियम का नको? वेबसाइटवर फुकट वाचता येतं, एवढ्यावर आपण खूश होतो. ती वेबसाइट बंद पडली की मजकूरही गेला. परवाना असेल तर कुणीतरी त्याची प्रत आधीच करून ठेवलेली असेल.

मागणी साधी आहे. पुढच्या प्रत्येक सरकारी प्रकाशनाच्या पहिल्या पानावर परवाना छापा. एका ओळीचं काम आहे.