सहीचा कागद

संप फसला की कारखान्याच्या फाटकावर कामगारापुढे एक कागद ठेवला जातो. यापुढे वर्तणूक चांगली ठेवीन, एवढेच त्यावर असते. पण सही केल्याखेरीज आत पाऊल टाकता येत नाही. असले कागद मी किती वाचले, याची गणती नाही. म्हणूनच प्राध्यापकांच्या स्वातंत्र्याविषयीच्या एका अमेरिकन खटल्याची हकीकत वाचताना कायद्याच्या आधी तो कागद मला ओळखीचा वाटला.

न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील खासगी विद्यापीठ १९६२ साली राज्याच्या विद्यापीठात विलीन झाले आणि तेथील शिक्षक सरकारी नोकर ठरले. सरकारी नोकर म्हटला की १९४९ चा फाइनबर्ग कायदा लागू झाला. आपण कम्युनिस्ट नाही, आणि पूर्वी कधी असलो तर तसे विद्यापीठाच्या अध्यक्षांना कळविले आहे, असे प्रमाणपत्र सही करून द्यावयाचे. इंग्रजीचे शिक्षक हॅरी कीशियन यांनी सही केली नाही. त्यांचा करार वर्षाचा होता. तो वाढविला गेला नाही. ग्रंथालयात काम करणारे कवी जॉर्ज स्टारबक यांनी अशाच प्रश्नाला शपथेवर उत्तर देण्याचे नाकारले. त्यांना काढण्यात आले. नोकरी धोक्यात आलेले आणखी तिघे त्यांच्याबरोबर उभे राहिले. हे लोक कम्युनिस्ट होते की नव्हते, हा मुद्दाच नव्हता. विचारण्याचा अधिकार कोणाला, हा होता.

आशा थोडीच होती. याच कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली ॲडलर खटल्यात मान्यता दिली होती. राज्याच्या अटी पटत नसतील तर शिक्षकाने दुसरीकडे नोकरी पाहावी, असा त्या निकालाचा रोख. (हा युक्तिवाद मालकवर्गाच्या तोंडून आम्हीही पुष्कळ ऐकला आहे.) पुढे १९५७ साली वारे थोडे फिरले. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील व्याख्यानात आपण काय बोललात, असे राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ पॉल स्वीझी यांना विचारले होते. त्यांनी सांगितले नाही, म्हणून ते दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला.

बफेलोत मात्र १९६५ साली, सुनावणीपूर्वीच, प्रमाणपत्राची अट मागे घेण्यात आली. येथेच पुष्कळ लढे विरून जातात. कागद गेला, आता भांडण कशाला, असे आपलेच लोक म्हणू लागतात. या पाच जणांनी खटला सोडला नाही, कारण कागद गेला तरी कायदा शिल्लक होता.

२३ जानेवारी १९६७ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत भाषणस्वातंत्र्य आहे, विद्यापीठाचे नाव नाही. तरीही अध्यापनाचे स्वातंत्र्य ही त्या दुरुस्तीच्या खास आस्थेची बाब आहे, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिले. कम्युनिस्ट जाहीरनाम्याची प्रत घेऊन शिक्षक रस्त्याने गेला, तर तो अराजकाचा पुरस्कार ठरतो काय, असा त्यांचा सवाल होता. कायद्यातून उत्तर निघेना. कुंपण कोठे आहे हेच कळत नसेल, तर माणूस अंगणातही फिरत नाही. केवळ सभासदत्व पुरे नाही, बेकायदा हेतूही सिद्ध झाला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. राज्याचा आत्मरक्षणाचा हक्कच गेला, अशी तक्रार विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती क्लार्क यांनी केली. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर तोच कायदा ठरला असता.

कीशियन यांनी पुढे कित्येक वर्षे न्यू जर्सीतील फेअरली डिकिन्सन विद्यापीठात शेक्सपिअर शिकविला.