हिजाब, ईश्वर आणि व्हीटन कॉलेज

अमेरिकेत शिकागोजवळ व्हीटन कॉलेज आहे. १८६० साली ते सुरू झालं. पहिले अध्यक्ष जोनाथन ब्लँचर्ड गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना या कॉलेजात आसरा मिळे. संस्था इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट पंथाची. इथल्या प्राध्यापकांना दरवर्षी कॉलेजच्या श्रद्धापत्राला नव्याने मान्यता द्यावी लागते.

२ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोत मुस्लिम दांपत्याने केलेल्या गोळीबारात १४ जण मारले गेले. पाचच दिवसांनी डोनाल्ड ट्रम्प यांनी मुस्लिमांना देशात प्रवेशबंदी करण्याची मागणी केली. हिजाब घालून रस्त्यावर निघणं बायकांना धोक्याचं वाटू लागलं. अशा वेळी व्हीटनमधील राज्यशास्त्राच्या प्राध्यापक लॅरिशा हॉकिन्स यांनी ठरवलं की, नाताळापूर्वीच्या उपासनेच्या दिवसांत आपण हिजाब घालायचा. मुस्लिमांना यात आपला अवमान तर वाटणार नाही ना, हेही त्यांनी आधी विचारून घेतलं. मुस्लिम व ख्रिस्ती एकाच ईश्वराची उपासना करतात, असं त्यांनी पोप फ्रान्सिस यांचा दाखला देत फेसबुकवर लिहिलं. हॉकिन्स या व्हीटनमध्ये कायम नेमणूक मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्राध्यापक होत्या. १५ डिसेंबरला त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं आणि जानेवारीत बडतर्फीची प्रक्रिया सुरू झाली.

आमचा आक्षेप हिजाबला नाही, ‘एकच ईश्वर’ या विधानाला आहे, असं कॉलेजचं म्हणणं होतं. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ख्रिस्ती श्रद्धेत ईश्वर त्रयीरूप आहे, येशू ईश्वराचा पुत्र आहे. आपल्या तौहीदला हे मान्य नाही. हजरत ईसांना आपण पैगंबर मानतो, ईश्वरपुत्र नाही. मात्र ‘अहले किताब’शी बोलताना आमचा-तुमचा ईश्वर एकच आहे असं सांगा, हीही कुरआनचीच शिकवण आहे (सूरह अल-अनकबूत, आयत ४६). अरबी भाषक ख्रिस्ती प्रार्थनेत ‘अल्लाह’च म्हणतात. कॅथलिक चर्चने १९६५ साली व्हॅटिकनच्या घोषणापत्रात मुस्लिम एकाच ईश्वराचे उपासक असल्याचं नमूद केलं. येल विद्यापीठातले प्रोटेस्टंट धर्मपंडित मिरोस्लाव्ह वोल्फ यांनीही हॉकिन्स यांची बाजू घेतली. वर्णन वेगळं म्हणून ज्याचं वर्णन होतं तोही वेगळाच, असं होत नाही.

व्हीटनमध्ये सीमारेषेचा हा वाद नवा नव्हता. २००४ साली तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जोशुआ हॉकशिल्ड कॅथलिक झाले आणि त्यांना नोकरी गमवावी लागली. १३८ मुस्लिम विद्वानांनी २००७ साली ख्रिस्ती धर्मगुरूंना संवादाचं पत्र लिहिलं. त्याला येलमधून गेलेल्या उत्तरावर व्हीटनचे तत्कालीन अध्यक्ष डुआन लिटफिन यांनी आधी सही केली, मग ती मागे घेतली.

धार्मिक संस्थेला आपली ओळख जपण्याचा हक्क आहे, असं मी मानतो. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० च्या आधारे आपणही अल्पसंख्याक संस्थांचा हक्क मागतो, तेव्हा व्हीटनला तो नाकारण्याचं कारण नाही. पण हॉकिन्स यांनी श्रद्धापत्र नाकारलं नव्हतं. त्यावर आपली निष्ठा असल्याचं त्यांनी लेखी कळवलं होतं. त्या पत्रात मुस्लिमांविषयी एक शब्दही नाही. मग त्याचा अर्थ लावायचा कुणी? प्राध्यापकांच्या परिषदेने तर बडतर्फी मागे घ्यावी, अशी एकमुखी शिफारस केली. अखेर प्रोव्होस्टनी माफी मागितली, नोटीस मागे घेतली. तरीही ६ फेब्रुवारी २०१६ रोजी दोन्ही बाजूंनी वेगळं होत असल्याचं जाहीर केलं.

दोन महिने चर्चा ईश्वराच्या स्वरूपावर झडत राहिली. ज्या बायकांसाठी हॉकिन्स यांनी डोक्यावर कापड घेतलं, त्या चर्चेतून केव्हाच हद्दपार झाल्या. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

पुढे हॉकिन्स यांना व्हर्जिनिया विद्यापीठात अमीर अब्दुल कादिर यांच्या नावाची फेलोशिप मिळाली. अल्जेरियाच्या या मुस्लिम सेनानीने दमास्कसच्या दंगलीत हजारो ख्रिस्ती लोकांना आश्रय देऊन वाचवलं होतं. ते साल होतं १८६०, व्हीटनच्या स्थापनेचंच.

आपल्या संस्थांनीही या प्रकरणाकडे नीट पाहावं. आपल्या एखाद्या कॉलेजात एखादा मुस्लिम शिक्षक दुसऱ्या धर्माच्या भेदरलेल्या माणसांसाठी असा उभा राहिला, तर व्यवस्थापन समिती आधी त्याची पाठ थोपटेल की त्याचा अकीदा तपासायला घेईल?