विवेक आणि प्राण : दक्षिण महाराष्ट्रातील चित्तशांतीच्या साधनेचा एक तौलनिक विचार

१

चित्ताची शांती विचाराने लाभते की अभ्यासाने, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या इतिहासात फार जुना आहे. दुःखाचे मूळ चुकीच्या निर्णयात आहे असे मानले, तर निर्णय सुधारताच दुःख ओसरले पाहिजे. परंतु निर्णय पटूनही क्रोध आवरत नाही आणि भय सरत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. उलटपक्षी श्वास, आसन व जप यांच्या नित्य अभ्यासाने शरीर स्वस्थ होते. पण त्या स्वस्थतेत शहाणपण येतेच असे नाही. विचार व अभ्यास यांची सांगड कशी घालावी, हाच खरा प्रश्न होय. अलीकडे ग्रीक-रोमन स्टोइक विचार आणि चीनमधील चीकुंग नावाची श्वाससाधना एकत्र करून आंतरिक शांती साधण्याची कल्पना पुढे येत आहे. ती नवी वाटत असली, तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न कोल्हापूर व त्याच्या आसमंतातील साधनापरंपरांनी आपल्या परीने हाताळलेला आहे, आणि त्याच्या उत्तराविषयी त्यांच्यात तीव्र मतभेदही झाले. त्या मतभेदाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम स्टोइकांचा विचार करू. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास झेनोने अथेन्समधील एका चित्रांकित स्तंभमंडपात या संप्रदायाचा पाया घातला. मनुष्याच्या स्वाधीन असलेल्या व नसलेल्या गोष्टींचा भेद करणे, आणि पहिलीचीच चिंता वाहणे, ही शिकवण एपिक्टेटस या एकेकाळच्या गुलामाने इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांत आग्रहाने मांडली. सम्राट मार्कस ऑरेलियस (इ. स. १२१-१८०) याने लष्करी मोहिमांच्या काळात स्वतःसाठी ग्रीक भाषेत टिपणे लिहिली, ती याच शिकवणीची उजळणी होत.

या संप्रदायाचे जे अंग सहसा दुर्लक्षित राहते, ते त्याचे सृष्टिविज्ञान. स्टोइकांच्या मते समस्त विश्वाला एका सूक्ष्म श्वासरूप द्रव्याने व्यापलेले आहे. अग्नी व वायू यांच्या मिश्रणाने बनलेल्या या द्रव्याला ते ‘न्यूमा’ म्हणत. दगडाला दगडपण, वनस्पतीला वाढ आणि माणसाला बुद्धी देणारे हे एकच तत्त्व असून त्याचा ताण कमी-अधिक झाल्याने वस्तूंत भेद पडतो, अशी त्यांची उपपत्ती होती. माणसाचा आत्माही याच श्वासाचा बनलेला, आणि त्याचे नियामक केंद्र हृदयात, असे क्रायसिप्पसने प्रतिपादिले. म्हणजे या मतात मनाचे दौर्बल्य हे अक्षरशः प्राणाचे शैथिल्य ठरते.

असे असूनही प्राणाचा ताण वाढविण्यासाठी श्वासाचा एखादा स्वतंत्र अभ्यास स्टोइकांनी सांगितल्याचे त्यांच्या उपलब्ध ग्रंथांत आढळत नाही. त्यांची साधने निराळी होती : क्षणोक्षणी आपल्या निर्णयांकडे लक्ष ठेवणे, रात्री निजण्यापूर्वी दिवसाच्या वर्तनाचा झाडा घेणे, संकटांचे आगाऊ चिंतन करणे. एपिक्टेटसचा गुरू म्यूसोनियस रूफस याने थंडी, ऊन, भूक व कठीण शय्या सहन करण्याचा अभ्यास शरीर व आत्मा या दोहोंसाठी सांगितला. पण तो सहनशक्तीचा अभ्यास आहे, श्वासाचा नव्हे. सेनेकाला दम्याचा विकार होता. वैद्य त्या विकाराला मरणाचा सराव म्हणत, असे त्याने एका पत्रात नमूद केले आहे. श्वास कोंडला असता त्याने आधार घेतला तो विचाराचा. विश्वाला श्वासरूप मानणाऱ्या संप्रदायातील एका थोर लेखकाने प्रत्यक्ष श्वासाच्या व्याधीत केवळ विवेकाचा आश्रय करावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

३

चीनमध्ये नेमकी उलट बाजू विकसित झाली. ‘ची’ ही संज्ञा श्वास, वाफ व जीवनशक्ती या तिन्ही अर्थांनी वापरली जाते. ‘क्वान्-त्सु’ या संग्रहातील ‘अंतःसाधना’ नावाचे प्रकरण साधारणतः इ. स. पूर्व चौथ्या शतकातील मानले जाते. शरीर सरळ व मन निश्चल झाले की ही जीवनशक्ती आपोआप स्थिरावते, असा त्याचा आशय आहे. इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद केलेली मावांगत्वेइ येथील एक समाधी १९७० च्या दशकात उत्खनित झाली. तीत रेशमावर रंगविलेले व्यायामचित्र मिळाले असून त्यात ४४ आकृती आहेत. शरीर ताणणे व श्वास नेणे या अर्थाच्या ‘दाओयिन’ अभ्यासाचा हा फार जुना चित्रमय पुरावा होय.

तथापि त्या परंपरेतही शंका उपस्थित झाली होती. ‘च्वांग-त्सु’ या ग्रंथाच्या एका प्रकरणात जुना श्वास टाकून नवा घेणाऱ्या, अस्वलासारखे लोंबणाऱ्या व पक्ष्यासारखे अंग ताणणाऱ्या दीर्घायुष्याच्या उपासकांचा उल्लेख किंचित उपहासाने येतो. खऱ्या ज्ञानी पुरुषाला या खटाटोपाची गरज नाही, असा त्याचा रोख आहे. ‘चीकुंग’ हे नाव या सर्व अभ्यासांना मिळाले ते मात्र अगदी अलीकडे. १९५० च्या दशकात हपेइ प्रांतातील आरोग्यधामांत ल्यू क्वेइ-चन् यांनी ही पद्धती रोगोपचार म्हणून मांडली आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले. प्राचीन अभ्यासाला आधुनिक शासकीय वैद्यकाने दिलेले ते नाव आहे. सबब ‘दोन हजार वर्षांचे चीकुंग’ असे म्हणताना अभ्यास जुना व नाव नवे, हा विवेक राखला पाहिजे.

४

महाराष्ट्रात विवेक व प्राण या दोहोंचा संगम आरंभापासूनच दिसतो. शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे विवेचन आहे, तर सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे सविस्तर वर्णन आहे. हे वर्णन ज्ञानेश्वरांना निवृत्तिनाथांकडून लाभलेल्या नाथ परंपरेचा वारसा होय. बाराव्या अध्यायात मात्र योगमार्गातील कष्ट दाखवून भक्तीची सुगमता सांगितली आहे. एकाच ग्रंथात शरीरसाधनेला स्थान आहे आणि तिची मर्यादाही दाखविली आहे.

समर्थ रामदासांच्या (१६०८-१६८१) दासबोधात हा संगम अधिक लौकिक रूप घेतो. ‘विवेक’ हा त्या ग्रंथाचा जणू प्राणशब्दच होय. त्याच वेळी बलोपासनेचा पुरस्कार करणाऱ्या समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे व पारगाव येथील दोन मारुती आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. परंतु प्रस्तुत दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे तो दासबोधाच्या सतराव्या दशकातील अजपानिरूपणाचा समास. अहोरात्रात प्राणिमात्राचे २१,६०० श्वासोच्छ्वास होतात आणि त्या प्रत्येकात ‘सोऽहम्’ हा जप आपोआप चालतो, ही जुनी योगकल्पना तेथे मांडली आहे. हा आकडा मिनिटाला १५ श्वास इतका येतो. विश्रांत अवस्थेतील प्रौढ माणसाच्या श्वासगतीशी तो जुळतो. येथे श्वास बदलावयाचा नाही, कोंडावयाचा नाही. जे चालूच आहे त्याकडे लक्ष द्यावयाचे आहे. लक्ष देण्याचा हा अभ्यास स्टोइकांच्या सावधानतेच्या जवळ जातो, आणि त्याचा विषय श्वास असल्याने तो चिनी अभ्यासाच्याही जवळ जातो. दोन निराळ्या वाटा येथे एका बिंदूवर येतात.

५

या बिंदूवरून पुढे जो वाद उद्भवला, तो दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक यांच्या सीमेवरील इंचगिरी संप्रदायात. निंबर्गी महाराज व त्यांचे शिष्य उमदीचे भाऊसाहेब महाराज (१८४३-१९१४) यांच्या परंपरेत दासबोधाचे नित्य वाचन आणि दीर्घकाळ बसून केलेले नामस्मरण ही दोन मुख्य अंगे होती. भाऊसाहेबांच्या दोन शिष्यांनी या दोन अंगांचा तोल दोन निराळ्या रीतींनी सांभाळला.

पहिले शिष्य रामचंद्र दत्तात्रेय रानडे (१८८६-१९५७). जमखंडी येथे जन्मलेल्या रानडे यांनी १९०१ मध्ये भाऊसाहेबांकडून नाम घेतले. पुण्यास शिक्षण पुरे करून ते फर्ग्युसन महाविद्यालयात व नंतर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात अध्यापक झाले. पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. त्यांचा आरंभीचा अभ्यास ग्रीक तत्त्वज्ञानाचा होता. हेराक्लिटसवर त्यांनी निबंध लिहिला. ज्याच्या अग्नी व विश्वबुद्धी या कल्पनांवर स्टोइकांनी आपले सृष्टिविज्ञान उभारले, तोच हा विचारवंत. उपनिषदांचे त्यांचे सुप्रसिद्ध विवेचन १९२६ मध्ये आणि महाराष्ट्रीय संतांच्या साक्षात्कारमार्गावरील ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकृती नाजूक असताही त्यांनी ग्रंथलेखन व नामसाधना ही दोन्ही कामे अखेरपर्यंत चालविली आणि निंबाळ येथे देह ठेवला. त्यांच्या दृष्टीने बुद्धी ही साक्षात्काराची वैरीण नव्हे. पण बुद्धीने जे मान्य केले ते अनुभवात उतरण्यास नामाचा दीर्घ अभ्यास अपरिहार्य आहे.

दुसरे शिष्य सोलापूर जिल्ह्यातील पाथरीचे सिद्धरामेश्वर महाराज (१८८८-१९३६). गुरूंच्या निधनानंतर, १९२० च्या सुमारास, केवळ ध्यानाने अंतिम स्थिती लाभते काय, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. गुरुबंधूंना तो रुचला नाही. त्यांनी साधनेचे दोन मार्ग कल्पिले. मुंगी जशी सरपटत झाडाच्या शेंड्यावरील फळापर्यंत पोचते, तसा ध्यानाचा पिपीलिकामार्ग. आणि पक्षी जसा एका झेपेत फळ गाठतो, तसा विचाराचा विहंगममार्ग. श्रवण, मनन व निदिध्यास यांनी अज्ञान निरसले की दुसरे करावयाचे उरत नाही, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईचे निसर्गदत्त महाराज (१८९७-१९८१) हे त्यांचेच शिष्य. कोल्हापूरपासून काही कोसांवर असलेल्या कणेरी येथील सिद्धगिरी मठाचे अधिपती मुप्पिन काडसिद्धेश्वर महाराज (१९०५-२००१) यांनीही त्यांचे शिष्यत्व पत्करले. एका प्राचीन लिंगायत मठाच्या स्वामींनी दासबोधावरील अद्वैतप्रधान निरूपणाचा अंगीकार करावा, ही कोल्हापूरच्या धार्मिक इतिहासातील लक्षणीय घटना होय. तिच्यामुळे विचारमार्गाची एक शाखा या परिसरात स्थिरावली.

६

रानडे व सिद्धरामेश्वर यांच्यातील भेद हा व्यक्तींचा नसून प्रश्नाच्या दोन टोकांचा आहे. च्वांग-त्सुने व्यायामपटूंना जे सुनावले, त्याच जातीचा आक्षेप सिद्धरामेश्वरांनी ध्यानमार्गावर घेतला. आणि म्यूसोनियसने ज्या कारणासाठी निव्वळ सिद्धांतपठण अपुरे मानले, तशाच कारणासाठी रानडे यांनी अभ्यास सोडला नाही. परंतु आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. विहंगममार्ग सांगणाऱ्या सिद्धरामेश्वरांनी स्वतः आधी अनेक वर्षे ध्यान केले होते. तर अभ्यासाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांनी आयुष्यभर चिकित्सक ग्रंथरचना केली. म्हणजे उपदेशात एक अंग पुढे आले, तरी आचरणात दोन्ही अंगे उपस्थित होती. पक्ष्याला झेप घेता येते ती पंख बळकट झाल्यावर, हे या दोन चरित्रांवरून अनुमानता येते.

या तुलनेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. न्यूमा, ची व प्राण या तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ श्वासाशी निगडित असला, तरी त्या तीन संज्ञा एक नव्हेत. स्टोइकांचा न्यूमा हे जड द्रव्य आहे. वेदान्तात प्राण हा आत्म्याचा केवळ उपाधी आहे. आणि चीची कल्पना वैद्यक, सृष्टिविचार व नीती या तिन्ही क्षेत्रांत विभागलेली आहे. स्टोइकांचा साधक विश्वक्रमाला अनुमती देतो, नामधारक ईश्वराचा साक्षात्कार इच्छितो, तर आरोग्यधामातील रुग्णाला स्वास्थ्य हवे असते. ध्येये भिन्न असताना साधने एकत्र केली, तर ती कोणत्या ध्येयाची सेवा करतात हे आधी ठरविणे भाग आहे. तसे न केल्यास शांती म्हणजे केवळ सुखकर शैथिल्य, असा समज होण्याचा धोका असतो.

या बाबतीत स्टोइक व समर्थ यांचा अभिप्राय एकसारखा आहे. मार्कस ऑरेलियसने शांतीसाठी राज्यकारभार टाकला नाही, आणि दासबोधाने परमार्थासाठी प्रपंच नेटका करण्यास सांगितले. इंचगिरी परंपरेतही अनेक साधक गृहस्थाश्रमी राहिले. रानडे यांनी अध्यापन केले, निसर्गदत्तांनी मुंबईत विड्यांचे दुकान चालविले. म्हणून चित्तशांतीची कसोटी एकांतातील निश्चलतेत नसून व्यवहारातील वर्तनात आहे. विवेकाने काय करावे ते कळते. श्वासाचा वा नामाचा अभ्यास ते करण्याइतके मन स्थिर ठेवतो. मनपाडळ्याच्या मारुतीपासून कणेरीच्या मठापर्यंत पसरलेल्या परंपरांचा इतिहास या दोहोंपैकी एकाचा त्याग करण्याचा नव्हे, तर त्यांचे परस्परावलंबन ओळखण्याचा इतिहास आहे.