सारवलेल्या जमिनीचा इतिहास
महाराष्ट्राच्या खेड्यांत सिमेंट पोहोचण्यापूर्वी घरातील जमीन करणे हे बहुधा गवंड्याचे नव्हे, तर घरच्याच माणसांचे काम होते. जुनी जमीन उकरून, मुरूम व माती पसरून आणि पाणी मारून ती धुमसाने, म्हणजे दांडा बसवलेल्या जड ठोकळ्याने, ठोकली जाई व नंतर चोपण्याने, म्हणजे सपाट लाकडी फळीने, चोपली जाई. खरे कौशल्य ओल ओळखण्यात होते; ती जास्त झाल्यास माती वाळताना आकसून भेगा पडत, कमी पडल्यास कण एकमेकांना धरत नसत.

त्यावर शेणकाल्याचा पातळ थर हाताने अर्धवर्तुळे काढीत दिला जाई. शेणातील तंतू माती बांधून ठेवत व धूळ दाबत. परंतु हा थर लवकर झिजत असल्याने सारवण वारंवार करावे लागे, आणि हे न संपणारे श्रम मुख्यतः बायकांनी केले; या श्रमांची दखल वाड्यांच्या लाकडी कोरीवकामाइतक्याच आदराने घेतली जायला हवी. कोकणात पावसाळा सरल्यावर अंगणही याच रीतीने नव्याने केले जाई.

पुढे शहाबादी फरशी आणि कोबा, म्हणजे ठोकून व घोटून केलेला चुन्याचा किंवा सिमेंटचा एकसंध थर, रुळले, तसे सारवण बऱ्याच घरांत अंगणापुरते उरले.