दिनविशेष : ७ एप्रिल – मनोरुग्णांच्या हक्कांची सनद

२०१७ साली आजच्याच दिवशी, म्हणजे जागतिक आरोग्यदिनी, मानसिक आरोग्यसेवा अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली; आणि १९१२ च्या कायद्याने ज्यांच्यावर वेडेपणाचा शिक्का मारला होता, त्या मनोरुग्णांना सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळण्याचा, प्रतिष्ठेने जगण्याचा व आपल्यावरील उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क कायद्याने प्राप्त झाला. रुग्णास साखळदंडाने जखडणे निषिद्ध ठरले. मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचाही मनोविकाराच्या व्याख्येत अंतर्भाव असल्यामुळे, व्यसनाने ग्रासलेला मनुष्य हा तिरस्काराचा नव्हे, तर उपचाराचा अधिकारी होय, हे तत्त्व सरकारदरबारी मान्य झाले. यंत्रमागांच्या खडखडाटात दिवसरात्र राबणाऱ्या ज्या मालेगावातून गुंगीच्या गोळ्यांच्या जप्तीच्या वार्ता वारंवार येतात, तेथील कष्टकरी कुटुंबांना तर या सनदेची ओळख अगत्याने करून दिली पाहिजे. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल, त्यांनी लोकलज्जेस्तव त्यास कोंडून न ठेवता सरकारी रुग्णालयात न्यावे. आणि तेथे हक्क डावलला गेल्यास दाद मागावी, कारण त्यासाठी मोफत कायदेशीर साहाय्य मिळणे हाही त्याचा हक्कच आहे.