विषम पत्त्याची अर्धशतकी कथा

१९६४ साली आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा प्रोग्रॅमरांवर एक शिस्तही लादली. चार बाइटांची संख्या मेमरीत ठेवायची तर तिच्या पत्त्याला चारने निःशेष भाग गेला पाहिजे. आठ बाइटांची असेल तर आठने. हीच अलाइनमेंट. तिचे कारण यंत्राच्या रचनेत होते. मेमरी एका वेळी ठरावीक रुंदीचा कप्पा पुरवते. संख्या दोन कप्प्यांवर पसरली, तर दोनदा वाचून तुकडे सांधावे लागतात. १९७० च्या ‘सिस्टिम/३७०’ने ही सक्ती पुष्कळशी सैल केली; परंतु प्रश्न तेथे संपला नाही.

१९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडवली, ती पीडीपी-११ या यंत्रावर. तेथे दोन बाइटांचा शब्द विषम पत्त्यावरून वाचू पाहिल्यास प्रोसेसर काम थांबवीत असे. सीमधील पॉइंटर मात्र कोणत्याही पत्त्याकडे कोणत्याही प्रकारचा डेटा म्हणून पाहू देतो. पुढे यंत्रांचे स्वभाव आणखी भिन्न झाले. इंटेलचा ८०८६ (१९७८) असे वाचन थोडा जास्त वेळ घेऊन पार पाडी. मोटोरोलाचा ६८००० (१९७९) विषम पत्त्यावर त्रुटी दाखवी. स्पार्क प्रोसेसर प्रोग्रॅम बंद पाडी. सर्वांत घातक वर्तन जुन्या एआरएम प्रोसेसरांचे होते. त्यांतील अनेक काहीही न बोलता बाइटांची जागा फिरवून चुकीची संख्या हाती देत. एवढ्या मतभेदांत १९८९ च्या सी-प्रमाणकाने अशा वाचनाला ‘अपरिभाषित वर्तन’ ठरवले.

हा प्रसंग दुर्मीळ नाही. इथरनेटचा शीर्षभाग १४ बाइटांचा असतो. पॅकेट चारच्या पटीतील पत्त्यावर उतरवले, तर आयपीचा शीर्षभाग चौदाव्या बाइटावर सुरू होतो आणि त्यातील चार बाइटांचे पत्ते अलाइनमेंटबाहेर पडतात. म्हणून लिनक्स कर्नलमध्ये गरज असलेल्या यंत्रांवर पॅकेट दोन बाइट पुढे सरकवून ठेवतात. १४ अधिक २ म्हणजे १६, आणि हिशेब जुळतो.

जेथे जागा सरकवता येत नाही, तेथे सुरक्षित मार्ग साधा आहे. बाइटांच्या रांगेवर ३२ बिटांचा पॉइंटर रोखण्याऐवजी, मेमकॉपी या फंक्शनने चार बाइट एका स्थानिक चलात उतरवून घ्यावेत. हे खर्चिक वाटते, पण तसे नाही. प्रोसेसरला चालत असेल तेथे आजचे कंपायलर या चार बाइटांच्या नकलेचे एकाच वाचन-आदेशात रूपांतर करतात. चालत नसेल तेथे बाइट सुटे वाचतात. बाइटांचा क्रमही निश्चित हवा असेल, तर एकेक बाइट घेऊन शिफ्टने जोडणे उत्तम.

‘माझ्या संगणकावर तर चालते’ हा युक्तिवाद इंटेल-वंशाच्या प्रोसेसरांवरही टिकत नाही. त्यांच्या काही एसएसई आदेशांना १६ च्या पटीतील पत्ता लागतो. पॉइंटर नियमानुसारच असणार असे कंपायलर गृहीत धरतो, त्या भरवशावर लूपसाठी असे आदेश योजतो, आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम एका दिवशी कोसळतो.

भारतीय वैज्ञानिक संगणनाला हा प्रश्न परका नाही. पुण्याच्या सी-डॅकचा १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर उभा होता, आणि स्पार्कवर सूट नव्हती. आज आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या आदेशसंचावर आधारलेले आहेत. अलाइनमेंटबाहेरचे वाचन हार्डवेअरने करावे, सॉफ्टवेअरने सावकाश सांधावे की त्रुटी देऊन थांबावे, हे रिस्क-फाइव्हने अंमलबजावणीवर सोडले आहे.

म्हणूनच इंटेलच्या लॅपटॉपवर तपासलेला उपकरण-चालक स्वदेशी चिपवर नेताना तो चालेलच अशी हमी नसते. चालला तरी मंद होऊ शकतो. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांतील अलाइनमेंट-तपासणी अशा बऱ्याच जागा चाचणीतच दाखवते. यंत्राने केलेले लाड ही भाषेने दिलेली परवानगी नव्हे, हाच या अर्धशतकाचा धडा आहे.